वाळूखालची भिंत

रसिका तारी सोळा वर्षांनी तांबळखाडीला राहायला आली ती बर्फ घेऊन आली, असं गावात अजूनही सांगतात. तसं पाहिलं तर तिच्याबरोबर आलेल्या दोन ट्रकांत बर्फाचा खडासुद्धा नव्हता. लांब पोलादी नळ्या होत्या, सौरपट्ट्या होत्या आणि एका मोठ्या निळ्या पेटाऱ्यात थंडावा तयार करणारं यंत्र होतं. सन दोन हजार चव्वेचाळीसचा नोव्हेंबर होता. ट्रक खालच्या वाडीत उभे राहिले तेव्हा बायका हंडे-कळश्या घेऊन धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं टँकर आला.

तांबळखाडी म्हणजे देवगडच्या दक्षिणेला, समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलेलं दीडशे घरांचं गाव. गेल्या दहा-बारा वर्षांत तिथल्या विहिरी एकेक करून खारावल्या होत्या. आधी किनाऱ्यालगतची खालची वाडी, मग देवळाजवळची विहीर, मग शाळेची. माडांच्या झावळ्या अवेळी पिवळ्या पडत होत्या. आठवड्यातून दोनदा टँकर येई, आणि तो आला नाही की लोक सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या वरच्या वाडीतल्या एका विहिरीपाशी रांग लावत.

रसिकाची आत्या सुलोचना खालच्या वाडीतच राहत होती. वय एकोणसत्तर, पाठीत किंचित वाकलेली, पण अजून सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरून तिसऱ्या, वाळूतले शिंपले, काढणारी. रसिका चार वर्षांची असताना तिची आई गेली. वडील रत्नागिरीच्या ट्रॉलरवर, वर्षातून दोनदा घरी. मुलीला आत्यानंच वाढवलं. तिसऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती देवगडच्या बाजारात जायची, आणि रसिकाची शाळा, कॉलेज, पुण्याचं भूगर्भशास्त्र, सगळं त्या पाटीतून बाहेर आलं होतं.

रसिकाला लडाखच्या थंडीत सगळ्यात जास्त काय आठवायचं, तर सुकतीची सकाळ. पाणी मागे सरलेलं, ओली वाळू आरशासारखी पसरलेली, आणि पंधरा-वीस बायका साडीचा काष्टा मारून पुढे चाललेल्या. आते एका जागी थांबायची. तिथली वाळू जरा काळसर दिसायची. करवंटीनं ती हातभर खड्डा करायची आणि पाणी वर येऊन निवळेपर्यंत दोघी गप्प बसून राहायच्या. मग करवंटी भरून आते म्हणायची, "पी."

पाणी गोड असायचं. समुद्र दहा पावलांवर, आणि हे पाणी गोड, इतकं गार की दात शिवशिवायचे.

"आते, ह्या पाणी खंयसून येता?"

"डोंगरातसून. पावसाचा पाणी जमिनीखालसून दर्याक भेटूक जाता. जाताना वाटेत आमका विचारून जाता."

त्याच काळसर वाळूत तिसऱ्या सगळ्यात दाट मिळायच्या. पायाच्या अंगठ्यानं चाचपायचं, कडक लागलं की वाकायचं. रसिकाचा फ्रॉक कमरेपर्यंत भिजायचा आणि घरी परतताना दोघींच्या पायांना वाळूचे मोजे चढलेले असायचे.

आतेचं ते उत्तर शास्त्राच्या दृष्टीनंही खरं होतं, हे रसिकाला पुढे कॉलेजात कळलं. किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते हलकं असतं. समुद्राच्या पातळीपेक्षा गोडं पाणी वीतभर जरी उंच असलं, तरी ते आपल्या वजनानं खाऱ्या पाण्याला चाळीस विती खाली दाबून धरतं. पण हिशेब उलटाही चालतो. समुद्र वीतभर चढला, किंवा पंपांनी गोडं पाणी वीतभर उतरवलं, की खारं पाणी चाळीस विती वर येतं. वरून कुणाला काही दिसत नाही. एक दिवस चहा फाटतो, आणि मग विहिरीकडे लक्ष जातं.

लडाखात रसिका याच्या अगदी उलट्या टोकाला काम करत होती. चांगथांगच्या पठारावर जमीन बारमाही गोठलेली असते. तिच्यात भोकं पाडून तापमान मोजायचं, वितळणारं पाणी कुठे जातं ते शोधायचं. तिथल्या एका वस्तीचा झरा तिच्या डोळ्यांदेखत मेला. जमिनीखालचा गोठलेला थर त्या पाण्याला खालून तळहातासारखा पेलून धरत होता. उष्णतेनं तो थर विरघळला आणि पाणी खोल निघून गेलं. वस्तीतली माणसं याक हाकत दुसरीकडे गेली. त्यांना जाताना पाहून रसिकाच्या मनात पहिल्यांदा आलं, की गोठलेल्या मातीइतकी पक्की भिंत माणसाला बांधता येणार नाही. इथला बर्फ चाललाय, तो थांबवणं आपल्या हातात नाही. पण आपल्या किनाऱ्यावर तो तयार करता आला तर?

त्यातून गोठभिंतीचा प्रकल्प उभा राहिला. किनाऱ्याच्या समांतर, भरतीच्या रेषेच्या आत, मीटरा-मीटरावर नळ्या खाली चिकणमातीच्या थरापर्यंत उतरवायच्या. त्यांतून उणे पंचवीस अंशांचं मिठवणी, म्हणजे न गोठणारं दाट मिठाचं पाणी, फिरवायचं. प्रत्येक नळीभोवतीची ओली वाळू गोठत जाते, गोठलेले खांब जाड होतात, एकमेकांना चिकटतात, आणि सहाशे मीटर लांबीची भिंत तयार होते. पलीकडे समुद्र, अलीकडे पाऊस. अलीकडचं गोडं पाणी साठतं, उंच होतं, आणि खाऱ्या पाण्याला खाली ढकलतं. वाळूवरून चालणाऱ्या माणसाला पायाखाली काय आहे याचा पत्ताही लागत नाही.

प्रयोगासाठी गाव निवडायची वेळ आली तेव्हा रसिकानं तांबळखाडीचं नाव सुचवलं. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर तिनं लिहिलं होतं, 'दरवर्षी समुद्रात वाया जाणारं भूजल अडवणे.'

भिंत गोठायला चार महिने लागले. पहिल्या पावसाळ्यानंतर शाळेची विहीर सुधारली, दुसऱ्या पावसाळ्याच्या मध्यालाच खालच्या वाडीतल्या सातही घरांच्या विहिरी. सुलोचनाआतेनं स्वतःच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेवर घोळवलं, आणि रहाटाला हात लावून उभी राहिली.

"काय गो आते? कसा हा?"

"माझ्या सासूच्या हातच्या पाण्यासारखा," आते म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

सरपंच संदेश कुबल हा रसिकाचा शाळेतला सोबती. त्यानं गावजेवण घातलं. मुंबईला गेलेली दोन कुटुंबं परत येऊन राहिली. वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि पुढच्या जूनमध्ये सरकारची समिती पाहणीला येईल असं कळलं. तांबळखाडी यशस्वी ठरली, तर वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत भिंत घालायची आणि त्या कामाची प्रमुख रसिका, असं जवळपास ठरलं होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी ती आतेच्या पडवीत बसून जुन्या गोष्टी काढायची. कोण कुणाच्या होडीतून पळून गेलं, कुठल्या वर्षी देवमासा लागला, शिमग्याला कुणी कुणाचं सोंग घेतलं. आते हसायची, पण मधेच तिची नजर खाडीकडे जायची.

सप्टेंबरच्या अखेरीला एका दुपारी आते थेट यंत्रघरापाशी आली. हातात पाटी होती. पाटीत मूठभर तिसऱ्या, त्यातल्या निम्म्या उघड्या पडलेल्या.

"सुकतीभर फिरलंय. ह्या गावला."

"कमीच आहेत गो."

"कमी? गेल्या वर्षी अर्धी पाटी गावली. ह्या वर्षी ह्या. बारकी पिल्लां तर एक दिसूक नाय. तुझ्या भिंतीन पाणी आडवलान, रसिका."

रसिकाला ते लागलं. तिचा आवाज आपोआप बदलला. "आत्या, समुद्राचं पाणी तापलंय. सगळ्या किनाऱ्यावर शिंपले घटतायत, त्याचे अहवाल आहेत माझ्याकडे. एका खाडीवरून असा निष्कर्ष काढता येत नाही."

"माझ्याशी सायबिणीसारखा बोलू नको," आते म्हणाली. "उद्या सुकतीक ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी रसिका गेली, ती आतेची समजूत काढायची असं ठरवूनच. काष्टा मारलेल्या बायका आता सहाच उरल्या होत्या. आतेनं तिला ओल्या वाळूवर बसवलं.

"हात घाल. कोपरापर्यंत घाल."

रसिकानं हात घातला. वाळू कोमट होती, वरपासून खालपर्यंत सारखीच. समुद्राइतकीच.

"हयच बसवून तुका पाणी पाजत होतंय मी," आते शांतपणे म्हणाली. "तुझी बोटां आकसत. आता सांग, माका काय कळणा नाय?"

रसिकानं वाळू झटकत हात बाहेर काढला. बाकीच्या बायका दूर उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यातल्या एकीनं लाजत विचारलं, "मॅडम, परत येतीत ना तिसऱ्यो?"

पुढचे चार दिवस रसिकानं एक जुनाट पद्धत वापरली. पत्र्याचे ड्रम मधोमध कापून अर्ध्या ड्रमचं उघडं तोंड वाळूत दाबायचं, वरच्या भोकाला प्लास्टिकची रिकामी पिशवी बांधायची. खालून पाणी झिरपत असेल तर पिशवी फुगते. भिंतीच्या टोकापलीकडे, जिथे नळ्या नव्हत्या, तिथली पिशवी तासाभरात टम्म झाली. भिंतीसमोरच्या अकरा पिशव्या सपाट राहिल्या. चौथ्या दिवशी ती त्या सपाट पिशव्या गोळा करत होती आणि प्रस्तावातला तिचाच शब्द तिच्या डोक्यात घुमत होता. वाया जाणारं. ते पाणी वाया कधीच जात नव्हतं. त्याच्या गारव्यात, त्याच्या निमखाऱ्या चवीत तिसऱ्यांची पिल्लं वाळूला धरत होती. लहानपणी ते पाणी प्यालेली मुलगी मोठी झाली, शास्त्र शिकली, आणि तिला एवढंच आठवलं नाही.

तिनं आणखी एक गोष्ट तपासली. तिसरी दोन-तीन वर्षं जगते. पावसाळा सरला की ऑक्टोबर ते डिसेंबर तिची वीण. खाडीत आता उरल्या होत्या त्या भिंतीआधी जन्मलेल्या म्हाताऱ्या तिसऱ्या. या वर्षी वाळू गार झाली नाही, तर पुढच्या वर्षी वीण द्यायला कुणी शिल्लक राहणार नव्हतं.

उपायही तिला दिसत होता. तिसऱ्यांच्या पट्ट्यासमोरच्या तीस नळ्या बंद करायच्या, त्यांतून कोमट पाणी फिरवून भिंतीला तीस मीटरचं दार पाडायचं. गोडं पाणी तिथून वाहू लागेल. पण त्या दाराच्या मागे खालच्या वाडीची सात घरं होती. पाण्याची पातळी तिथे उतरणार, आणि त्या सातही विहिरी पुन्हा खाऱ्या होणार. मधोमध सुलोचनाआतेची.

संदेशला तिनं आधी सांगितलं. 

"रसिका, तू आठ महिने थांब. समिती येवन जाऊंदे. मगे काय व्हया ता कर."

"आठ महिन्यांनी तिसऱ्या नसतील."

"नसतीत तर नसतीत! सहा बायकांसाठी अख्ख्या किनाऱ्याचा पाणी घालवतलंस? वेंगुर्ल्यापासून लोक तुझी वाट बघतत. माझ्या आवशीन टँकरच्या रांगेत पाय मोडून घेतल्यान, ता इसारलंस?"

त्याच्या आईचा मोडलेला पाय ती विसरली नव्हती. संदेशचं खोटं नव्हतं, हाच खरा त्रास होता.

शनिवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. रसिकानं पिशव्या दाखवल्या, दार कसं पाडायचं ते समजावलं, सात विहिरींचंही सांगितलं, काही लपवलं नाही. वरच्या वाडीतल्या पुरुषांनी आवाज चढवला. कुणी म्हणालं, शिकलेल्या माणसाला एकदा बांधायचं आणि एकदा मोडायचं एवढंच कळतं. खालच्या वाडीतला एकजण उठून म्हणाला, माझ्या विहिरीला हात लावलात तर बघा. संदेशनं सगळ्यांना गप्प केलं आणि रसिकाला विचारलं, "सात घरांका पाणी खंयसून देतलंस?"

"वरच्या वाडीच्या विहिरी आता भरलेल्या आहेत. दार पाडलं तरी त्या गोड्याच राहतील. तिथून नळ आणता येईल, जर वरच्या वाडीनं दिलं तर."

मागच्या बाजूला बायकांत बसलेली सुलोचनाआते गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बावडेचा पाणी गोडा झाला, तेव्हा मी रडलंय," ती म्हणाली. "ह्या सगळ्यांनी बघल्यानी. परत खारा झाला तर परत रडान. पण गोडा पाणी आमचा एकट्याचा कधी होता? आमचे बापये दर्यात जात, आणि आम्ही चुलीवर काय शिजवू? तिसऱ्यो. पोरांका शिकवलंव कशावर? तिसऱ्यांवर. त्येंका पाणी नको, असा मी कशा तोंडान म्हणू?" मग ती रसिकाकडे वळली. "माझी बावडी पयली. माझ्या दारासमोरसून फोड भिंत."

"फोडायची नाही गो आते, वितळवायची," रसिका म्हणाली.

व्हरांड्यात कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं सभेचा ताण थोडा उतरला. मग वरच्या वाडीतल्या बायकांनीच आधी सांगितलं, की आमच्या विहिरीवरून नळ न्या. पुरुष अजून कुरकुरत होते. ज्यानं दम दिला होता तो उठून निघून गेला. पण ठराव झाला, आणि संदेशनं तोंड वाकडं करत का होईना, सही केली.

ऑक्टोबरच्या सात तारखेला रसिकानं तीस नळ्यांच्या चाव्या फिरवल्या. जमिनीखालच्या तापमापकांचे आकडे उणे अठरापासून भरभर चढले, आणि शून्याच्या जरा खाली येऊन अडकले. दिवस गेले तरी हलेनात. तिला त्याचं कारण ठाऊक होतं. बर्फ विरघळत असतो तोवर त्याला मिळणारी सगळी उष्णता विरघळण्यातच खर्ची पडते, आकडा चढत नाही. कारण ठाऊक असूनही ती तासातासाला पडद्याकडे बघत होती. आते रोज सकाळी येऊन विचारायची, "हललो काय गो तो आकडो?" आणि यंत्रघराच्या पायरीवर बसून तिच्याबरोबर चहा घ्यायची. सव्विसाव्या दिवशी आकडा हलला. दुसऱ्या दिवशीच्या सुकतीला वाळूत दाबलेल्या पिशव्या फुगू लागल्या.

मार्चमध्ये सहा जणींतली एक ओरडत किनाऱ्यावरून धावत आली. तिच्या तळहातावरच्या वाळूत नखाएवढ्या तीन तिसऱ्या होत्या, पांढऱ्या, अंगावर कोवळ्या रेषा असलेल्या. आतेनं त्या परत वाळूत सोडायला लावल्या आणि त्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, की दोन वर्षं या पट्ट्यात कुणी हात घालायचा नाही.

समिती जूनमध्ये न येता मे महिन्यातच आली. तोवर खालच्या वाडीच्या सातही विहिरींना खारट चव आली होती. समितीच्या अध्यक्षांनी आतेच्या विहिरीचं पाणी चाखून थुंकलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. रसिकानं अहवालात सगळं लिहिलं होतं, पिशव्यांचे आकडे, दाराची जागा, आणि यापुढे कुठेही भिंत घातली तर तिला दारं ठेवूनच घालावी, अशी शिफारस. पंधरा दिवसांनी पत्र आलं. प्रयोग अंशतः यशस्वी. किनाऱ्याचा प्रकल्प पुनर्विचारासाठी थांबवण्यात येत आहे. श्रीमती तारी यांनी आपल्या मूळ कामावर रुजू व्हावं.

पत्र वाचून संदेश आला. पडवीच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"तुका सांगितलंय होता," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "नळाचा काम मी बघतंय. यंत्राचाही. तू काळजी करू नको." आणि चपला घालून निघून गेला.

लडाखला निघायच्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला होता. रसिकाची बॅग ओट्यावर भरून ठेवलेली होती. वरच्या वाडीतून आलेल्या नळाचं पाणी दाराशी येत होतं, पण आतेनं सवयीनं रहाट ओढला, विहिरीचंच पाणी घेतलं आणि उकड्या तांदळाची पेज केली. काशाच्या वाटीत वाढली, बाजूला कैरीच्या लोणच्याची फोड ठेवली. रसिकानं पहिला घोट घेतला आणि थांबली.

"मीठ बरोबर झाला?" आतेनं विचारलं.

"बरोबर झालाय."

"मी घालूक नाय." आतेच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "बावडेन घातल्यान."

रसिका हसायला गेली, तर डोळेच भरून आले. तिनं वाटी तोंडाला लावून शेवटचा थेंबही संपवला, आणि ती रिकामी वाटी आतेपुढे धरली.